वरची बांगडी

"आन् देनं हाय का कुनाचं, असं इचारलं तर?"

"तर... हाय म्हनावं लागन."

"झालं!" मनिषाने दातांनी दोरा तोडला. "मग जीपचं भाडं तरी कशाला घालता? बसा घरीच. बँकेचं न्हाई, सावकाराचं न्हाई, कुठल्या कागदावर तुमचं नाव न्हाई. मग कुनाचं देनं हाय वो तुमच्यावर?"

प्रविण शर्ट अंगात घालून तसाच उभा होता, कारण तुटलेलं बटन निघायच्या घाईत ध्यानात आलं होतं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यावरून भांडून झालं होतं. एकदा नव्हे, पुष्कळदा.

"सटवा मुकादम येऊन गेला परवा," ती हळू आवाजात म्हणाली. "जोडीला ऊसतोडीची उचल देतो म्हनतो. घेतली तर दिवाळीच्या आदी कारखान्यावर जावं लागन. सायलीची बारावी हाय यंदा. तिला कुनाजवळ ठिवायची? का तिलाच बांधायला लावायच्या मोळ्या?"

"न्हाई म्हनतो," प्रविण म्हणाला.

"शपथ?"

"म्हनतो म्हनलं ना!"

आता हे देणं कसलं, ते सांगायला पाहिजे. प्रविणने तेरा वर्षं नांदूरघाटच्या बाजारात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा केली. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरायचं, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास घ्यायचे, कमरेच्या मशीनमधून चिठोरी काढून द्यायची आणि पैसे संस्थेत भरायचे. कमिशनवर घर चालायचं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी संस्थेचं शटर उघडलंच नाही. चेअरमन कुठे गेला ते पोलिसांनाही सापडेना, तिथे प्रविणला काय सापडणार? त्याला दोनदा ठाण्यात बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. त्याचे स्वतःचे, सायलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसेही त्यातच बुडाले होते.

कायद्याने सुटला बिचारा, पण बाजाराने सोडायला पाहिजे ना! लोकांनी पैसे काही शटरच्या फटीतून आत टाकले नव्हते, प्रविणच्या हातात दिले होते. चेअरमन शिव्या द्यायला गावत नव्हता आणि प्रविण रोज गावत होता. महिनाभर तो तोंड लपवून फिरला, आणि मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मोटारसायकल विकून त्याने चहावाल्या सोमेश्वरचे पैसे आणून दिले. मग चपला शिवणाऱ्याचे, मग गोळ्याबिस्किटांच्या टपरीवालीचे. मोठ्या ठेवी फेडणं त्याच्या बापाच्यानेही झालं नसतं, पण रोजच्या वीस-वीस रुपयांची माणसं त्याने धरली. मनिषाची बोरमाळ मोडली. विचारून मोडली, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. ती शिवणावर बसली, रोजाने खुरपायला जाऊ लागली. आणि ज्याचा त्याचा हिशेब फिटत फिटत शेवटी एकटी बायनाबाई कासारीण उरली. तिचे आठ हजार राहिले होते.

ती शेवटी राहिली कारण तीच तसं म्हणत आली. "आदी त्याचं दे, त्याच्या घरात आजार हाय. मला काय घाई न्हाई." असं करत करत म्हातारी रांगेत मागेमागेच सरकली.

इकडे नोकरी काही मिळेना. केजच्या खतांच्या दुकानात मालक म्हणाला, वय झालंय. बीडच्या एका शोरूममध्ये म्हणाले, कम्प्युटर येतो का. एका मंगल कार्यालयात सगळं ठरत आलं होतं, तर नांदूरघाटचा कुणी पाहुणा जेवायला आलेला निघाला आणि मालकाच्या कानात काहीतरी पुटपुटून गेला. बस्स. तिथून निघताना प्रविणला जेवून जा म्हणाले, आणि तो जेवला. ते त्याने घरी सांगितलं नाही.

मग मांजरसुंब्याच्या पेट्रोल पंपावर कॅशियर पाहिजे असल्याचं कळलं. पंपाचे मालक विजयसिंह यांची एकच अट होती. ज्याच्या हातात गल्ला द्यायचा, त्याच्या गावचा एक माणूस समक्ष आला पाहिजे. फोन चालणार नाही, चिठ्ठी चालणार नाही. त्याने समोर बसून सांगायचं, हा माणूस कसा आहे ते.

प्रविण आधी भगवानरावांकडे गेला. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते झोपाळ्यावर बसून पेरू खात होते.

"येड लागलं का बे तुला?" भगवानराव म्हणाले. "माझेच बुडाले तिथं. आन् मीच तुला जामीन राहू? लोक म्हनतील ह्यांचं आतून एक हाय."

बरोबरच होतं म्हणा. मग तो सोमेश्वरकडे गेला. त्याचे तर दमडीसकट फिटले होते. सोमेश्वरने स्पेशल चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि दुकान सोडून कसं येऊ म्हणाला. चपला शिवणाऱ्याला पाहुण्यांकडे जायचं निघालं. ज्यांचे फिटले होते ते मोकळे झाले होते, त्यांना आता प्रविणची गरज नव्हती. त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं. शिव्या खाल्ल्या तेव्हा वाटलं नव्हतं इतकं.

मारुतीच्या पारापाशी बायनाबाई तिची पत्र्याची पेटी उघडून बसलेली असायची. तिने हाक मारली.

"काय रे, तोंड कावून उतरलंय?"

त्याने सांगितलं.

"मग मी येते की!"

"मामी, तुमी कुटं..."

"कावून? मी गावची न्हाई का? का तुज्या त्या पेट्रोलवाल्याला गडीच लागतो बोलायला?"

म्हणून बटन लावून घेतलं त्या दिवशी प्रविण आणि बायनाबाई जीपमध्ये शेजारी शेजारी बसून मांजरसुंब्याला गेले. म्हातारीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रस्ताभर ती पंचमीचंच बोलत होती. पंचमीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि तिच्या धंद्याचे खरे दिवस तेच. त्याच्या आधी बीडला जाऊन रोखीने माल भरला की स्वस्त पडतो. उधारीवर घेतला तर व्यापारी जुनापाना माल गळ्यात मारतो. पिग्मी तिने त्याच्यासाठीच लावली होती.

"औंदा तुजी नोकरी लागली की देशील थोडे थोडे, तसा भरीन," ती म्हणाली. "खड्याच्या लई चालल्यात आता. पोरींना साध्या नको."

"सगळे देतो मामी. पंचमीच्या आदी जमतील तेवढे देतोच."

पंपाच्या ऑफिसात पंखा गरगरत होता. विजयसिंह सभ्य गृहस्थ होते. त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बोला मावशी. कसा हाय मानूस?"

"मला दिसतं कमी आता," बायनाबाई म्हणाली. "बांगड्या मी हाताच्या मापानं भरते. पर ह्याच्या हातात मी तेरा वर्सं पैशे दिले. मोजून कदीच न्हाई दिले. ह्यो मोजायचा आन् कमी असले तर सांगायचा, जास्त असले तर बी सांगायचा."

विजयसिंह हसले. त्यांना म्हातारी आवडलेली दिसत होती.

"पतसंस्थेचं ऐकलंय मी. त्याच्यात तुमचा दोष न्हाई, ते बी ऐकलंय." ते प्रविणकडे वळले. "एकच इचारतो. माझा मागचा कॅशियर लई चांगला मानूस. दारू न्हाई, काई न्हाई. पोरीच्या लग्नाचं देनं झालं डोक्यावर. देनेकरी दारात उभे राहायला लागले, तसं गल्ल्यातून थोडं थोडं उचलाया लागला. वाईट नव्हता हो. देन्यानं केलं त्याला तसं. तवापासून ठरवलं, देनं असलेल्या मानसाच्या हातात गल्ला न्हाई द्यायचा. तुमच्यावर कुनाचं देनं हाय का?"

बघा म्हणजे! देणं फेडायला नोकरी पाहिजे आणि नोकरीला देणं नको.

प्रविणने मनिषाला दिलेला शब्द आठवला. सटवा मुकादम आठवला, थंडीत उसाच्या फडात मोळ्या बांधणारी सायली दिसली. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. कागदावर बघितलं तर ते खरंही होतं. पण ज्या बाईचे तो आठ हजार देणं लागत होता, ती हातभर अंतरावर ग्लासातलं पाणी पीत बसली होती. तिच्यासमोर नाही कसं म्हणायचं? खरं सांगून टाकावं आणि उठावं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं.

"हाय—"

"न्हाई!" बायनाबाईने ग्लास टेबलावर ठेवला. "हाय म्हंजी व्हतं. आता न्हाई कुनाचं."

"तुमाला काय माहीत मावशी?"

"मला न्हाई तर कुनाला? शेवटची मीच राहिलते. माझे बी फिटले मागच्या बाजारी. समदे."

विजयसिंहांनी प्रविणकडे पाहिलं. आणि प्रविण गप्प बसला. मान हलवली की नाही, ते त्याला नंतर आठवेना. गप्प बसला एवढं खरं. त्यानंतर त्याला नोकरी मिळाली.

परतीच्या जीपमध्ये दोघं पुन्हा शेजारी बसले. नेकनूर गेलं तेव्हा त्याला राहवेना.

"मामी, असं कावून म्हनलं तुमी? पगार झाला की मी पयले तुमचे..."

"कशाचे? फिटले की."

"मामी!"

"हे बग बाबा." तिने लुगड्याचा पदर आवळून घेतला. "मी काय लई खरं बोलनारी न्हाई. कच्ची बांगडी पक्की म्हनून इकली आसंन, दोन म्हनून दीडचा माल बी दिला आसंन. धंदा हाय. पर कुनासाठी जामीन राहून मी खोटं बोलले न्हाई आजवर. आज त्या मानसानं मला खुर्ची दिली, मावशी म्हनला. उद्या तुज्याकडून पैशे घेतले तर मी त्याच्याम्होरं खोटी पडन. म्हनून फिटले ते फिटले. पुन्ना ते काढू नको."

"पन पंचमीचा माल?"

"भरीन की उधारीवर. न्हाई भरलं कुनी आजवर?"

घरी मनिषाने देवापुढे दिवा लावला, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. सायली उड्या मारत मैत्रिणीकडे सांगायला पळाली. मग त्याने सगळं सांगितलं. मनिषा खाली बसली.

"मी तुमाला न्हाई म्हना म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "तिला म्हनायला लावा म्हनलं नव्हतं."

"मी लावलं न्हाई."

"पर गप तर बसला."



पहिला पगार पंचमीच्या तोंडावर झाला. प्रविण थेट पाराकडे गेला आणि नोटांची घडी पेटीच्या कडेला ठेवली. बायनाबाईने चाचपून पाहिलं, काय आहे ते कळलं तशी घडी उचलून त्याच्या खिशात परत घातली. पेटीत नुसत्या साध्या हिरव्या बांगड्या होत्या, त्याही पेटीच्या तळाशी. खड्याच्या नव्हत्याच. पोरी येत, वाकून बघत आणि पलीकडे नव्या दुकानात जात.

मग तो घरी जाऊन मनिषा आणि सायलीला घेऊन आला.

"दोघींच्या बी भरा मामी. डझन डझन."

म्हातारीने सायलीचा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबली, नुसत्या मापाने बांगडी चढवली. एकही पिचली नाही. सायलीला साध्या हिरव्या नको होत्या, तिला खड्याच्या पाहिजे होत्या, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ती बोलली नाही. मनिषाने बाह्या वर सारून दोन्ही हात पुढे केले. भरून झाल्यावर मायलेकींनी रीतीप्रमाणे कासारणीला वाकून नमस्कार केला. तेवढ्यात प्रविणही वाकला.

"ए! गड्यांनी न्हाई पडायचं कासारनीच्या पाया," बायनाबाईने पाय मागे घेतले. "उठ. लोक हसतील."

त्याने पाचशेची नोट पुढे केली. "राहू द्या वरचे."

"राहू द्या कशाला? कुनाचं देनं ठिवत न्हाई मी." तिने नोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, कमरेची पिशवी सोडली आणि सुटे पैसे एक एक करून, बोटांनी ओळखत, त्याच्या तळहातावर ठेवले. काही चुकलं नव्हतं.

मग काहीतरी विसरल्यासारखं करून तिने पुन्हा पेटीत हात घातला. मनिषाच्या हातात एक बांगडी चढवली, सायलीच्या हातात एक.

"ही वरची. माझ्याकडून. पंचमीची."

ते घराकडे निघाले. दोघींच्या बांगड्या वाजत होत्या. प्रविणने ते सुटे पैसे मुठीत धरले होते. घर येईपर्यंत त्याला ते खिशात टाकता आले नाहीत.