माझा अर्धा इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. आरशाशेजारच्या खिळ्यावर लटकलेली, पिवळी पडलेली, कडेचे आकडे पुसट झालेली कापडी पट्टी दिसते ना, तीच मी. माझ्यावर साठ इंच लिहिलेले आहेत. ते खरे धरू नका. ते खरे धरल्यामुळेच एका घराचं वाटोळं झालं, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

मला मास्टरांच्या बायकोने आणलं. मास्टर म्हणजे आमचे शिंपी. दुकान एवढंसं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. दारापाशी मास्टर माप घेत, आतल्या टेबलावर बाई कापड बेतत. टेप एकच, ती मी. मास्टरांचं काम झालं की ते मला आत फेकत, बाई न बघता झेलत. त्यांनी मला कधीही जमिनीवर पडू दिलं नाही.

माप घेण्याआधी मास्टर मला दोन्ही हातांत धरून एक हिसका द्यायचे. चट्ट! गिऱ्हाइकावर छाप पडायची. मग खांदा, बाही, छाती, कंबर. कंबर आली की भले भले पोट आत ओढून श्वास कोंडून उभे राहत. मास्टर गंभीर चेहऱ्याने म्हणत, "साहेब, सोडा श्वास. कोट घातल्यावर तो घ्यावा लागणारच आहे." गिऱ्हाईक ओशाळून हसे आणि माझ्यावरचे दोन आकडे पुढे सरकत. कुणाचा उजवा खांदा उतरलेला असे, कुणाची पाठ वाकलेली. मास्टर ते मोठ्याने बोलत नसत, वहीत मापाशेजारी एक बारीक खूण करत. म्हणून लोक त्यांच्याकडे येत, आणि मलाही त्या हातांत राहण्याचा अभिमान होता.

मग बाई आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. मास्टरांनी मला गळ्यात घातलं ते घातलंच. जेवतानासुद्धा काढत नसत.

आतलं टेबल आता लेकीने सांभाळलं. पोरीचा हात आईसारखाच होता, किंबहुना काकणभर सरसच. पण टेप बापाच्या गळ्यात अडकलेली; दर वेळी मागायची तरी किती? तिने आपल्यासाठी एक नवी कोरी टेप आणली. म्हणजे माप माझ्याने घ्यायचं आणि कापड नवीने कापायचं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पण मित्रांनो, इतक्या वर्षांच्या हिसक्यांनी मी ताणले गेले होते. छातीच्या मापात अर्धा इंच. चाळीस इंचाची छाती माझ्यावर साडेएकोणचाळीस दिसायची. जोवर मापही माझंच आणि कापणंही माझंच होतं, तोवर चूक चुकीत जिरून जात होती. आता ती उघडी पडली.

वकीलसाहेबांचा कोट काखेत काचला. मुख्याध्यापकांचं बटण लागेना. मास्टरांनी लेकीला आधी समजावलं, मग झापलं. पोरीने सगळं पुन्हा तपासलं, आणि एका दुपारी भीतभीत म्हणाली, "बाबा, ती टेप आता बदलूया का?"

"तुझ्या आईच्या हातातली टेप आहे ती!" मास्टर गरजले. "तिने याच टेपने आयुष्यभर कापलं. चूक टेपमध्ये नाही, तुझ्या हातात आहे. कापताना तुझा हात रेघेबाहेर पळतो."

शिंप्याच्या लेकीला यापेक्षा वाईट काय बोलणार? तिने कात्री पुसून ठेवली. मी मास्टरांच्या गळ्यातच होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण माझ्या दोन्ही टोकांना फक्त पितळी पट्ट्या आहेत.

महिनाभरात ती दुसऱ्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला गेली. नवी टेप तिने खणातच सोडली.

मास्टर आता एकटे, पुन्हा सगळं माझ्यानेच. आणि नवल म्हणजे कपडे पुन्हा चपखल बसू लागले! मास्टर ज्याला त्याला सांगत, "बघा, मी म्हणत नव्हतो? पोरीचा हातच पळत होता." त्या दिवसांइतकी माझी लाज मला कधी वाटली नाही.

चार वर्षं अशीच गेली. मग हिवाळ्याच्या तोंडावर मास्टरांना राहवेना. कापडाच्या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला तुकडा काढून त्यांनी लेकीला फोन केला. "तुझी मापं सांग. कोट शिवतो." तिने तिकडच्या टेपने घेतलेली मापं सांगितली. मास्टरांनी जीव ओतून कोट शिवला आणि पाठवून दिला.

आठवड्याने तिचा फोन आला. "छान झालाय, बाबा. जरा सैल होतो, एवढंच."

मास्टरांचा चेहराच उतरला. "वाळलीस का गं? जेवत नाहीस?"

"वजन वाढलंय माझं, बाबा."

फोन ठेवून ते आतल्या टेबलापाशी गेले. मग त्यांनी खण उघडला. नवी टेप काढली, मला गळ्यातून उतरवलं आणि दोघींना टेबलावर शेजारी शेजारी पसरलं. दोघींचं शून्य जुळवून बोटाने चाचपत पुढे गेले. नवीचा चाळीस आला, माझा अजून अर्धा इंच पुढे होता. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग माझ्यावर डोकं टेकून ते रडले.

पुढच्या सुटीत लेक आली. आम्ही दोघी टेबलावर तशाच पसरलेल्या होतो. तिने एकदा पाहिलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाबा. एकदा."

मास्टरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "परत ये. दुकान तुझंच आहे."

"आता नाही जमणार," ती हळूच म्हणाली. "तिथं एका मापाचे दोनशे शर्ट एकदम कापतात. समोर माणूस उभा करून कापायची सवय मोडली माझी. आणि घर तिकडे झालंय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्टरांना बरं वाटलं असतं.

निघण्यापूर्वी तिने मलाच उचललं. "उभे राहा, तुमचं माप घेते." मी मास्टरांच्या छातीभोवती गेले. केवढी आत गेली होती ती छाती! सवयीने त्यांनी श्वास कोंडला होता.

"सोडा श्वास, बाबा."

त्यांनी सोडला आणि पुटपुटले, "अर्धा इंच धर हं."

"हो," ती म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं. उजव्या खांद्याच्या मापाशेजारी तिने एक बारीक खूण केली, मोठ्याने काही बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

मित्रांनो, रोज वापरातलं माणसाला बरोबरच वाटतं. तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी टेप असेल, तर वर्षातून एकदा तिला नव्या टेपशेजारी ठेवून बघा. आणि कुणाचा हात पळतो असं म्हणण्याआधी तर नक्कीच बघा.

महिन्याने पार्सल आलं. लेकीने हाताने कापलेला, हाताने शिवलेला कोट. मास्टरांनी तो आरशासमोर घातला. उतरलेल्या खांद्यावर कुठेही वळी नव्हती, काखेत काच नव्हता, बटण अलगद लागलं. त्यांनी हात वर केले, खाली केले, पाठ वळवून पाहिली. चूक शोधत होते की काय, कुणास ठाऊक. सापडली नाही.

"बघ, कसा बसलाय," ते म्हणाले. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.