पंच्याहत्तर किलोंचे दोघे

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. तुम्ही मला पाहिलेत तर नाक मुरडाल. माझे पोट खाली उतरले आहे, गळ्याशी मी रिकामी आहे आणि अंगावर पाच रंगांची ठिगळे आहेत. एकेचाळीस वर्षे मी एकाच तुळईला लटकून मार खाते आहे. माराचे आता काही वाटत नाही. तो माझा धंदाच आहे. पण माझ्यापासून सहा पावलांवर एक लाकडी बाक आहे, आणि त्या बाकावर वर्षानुवर्षे जे बोलले गेले त्याने मी खरी दमले. तीच हकीकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या एका माणसाच्या दुकानात झाला. त्याला सगळे सीटवाला म्हणत. त्याचा जिवलग मित्र बेकरीत पीठ मळायचा आणि बॉक्सिंग करायचा. आमच्या हॉलमधली आधीची बॅग त्या मित्राने दोन महिन्यांत फाडली, तेव्हा तिथे बॉक्सिंग शिकवणारे मास्तर वैतागून सीटवाल्याकडे गेले आणि म्हणाले की तुझ्या मित्राला पुरेल असे काहीतरी तूच शिव. सीटवाल्याने ताडपत्री दुहेरी घेतली, वरून ट्रकच्या सीटचे जाड चामडे चढवले, पोटात शिंप्यांकडच्या चिंध्या ठासल्या आणि तळाशी लाकडाचा भुसा भरला. हॉल म्हणजे पूर्वीचे कागदाचे गोदाम. भिंतींना अजून कागदाचा वास होता. तिथे मला साखळीने टांगले आणि दुपारी बेकरीवाला आला.

त्याच्या कोपरांच्या घड्यांत पीठ असायचे. पहिला ठोसा बसला आणि मला कळले, की या माणसाला मळण्याची सवय आहे. इतरांचा ठोसा लागून मागे जायचा. याचा आत येऊन क्षणभर थांबायचा, कणीक दाबून पाहावी तसा. तो पंच्याहत्तर किलोंच्या गटात, म्हणजे मिडलवेटमध्ये खेळे. सहा वर्षांत तो एकदाही हरला नाही. तीन ढाली त्याने आणल्या. पाहुणे आले की मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "ही बेकरीवाल्याची बॅग." खोटे कशाला बोलू, मी तेव्हा जरा ताठच लटकायचे.

त्याचा डावा हुक माझ्या बरगडीवर एकाच जागी बसायचा. तिथले चामडे झिजून गुळगुळीत झाले होते. शेवटच्या वर्षी मात्र त्या जागेच्या चार बोटे डावीकडे दुसरा डाग पडू लागला. मला वाटले, नवीन काही शिकतो आहे. ते वर्ष संपता संपता त्याने एक लढत जिंकली, ग्लोव्हज खिळ्याला अडकवले आणि घरच्या जबाबदाऱ्या वाढल्या असे सांगून निघून गेला. तेव्हा तो तिशीचा होता. लोक म्हणाले, अजिंक्य गेला. नशीबवान.

त्यानंतर दहा वर्षे माझ्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. हॉलमध्ये कोणाच्या तरी मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. चिंध्या खाली बसत गेल्या आणि माझा तळ दगडासारखा झाला. एका उंदरीने माझ्या गळ्याशी पिल्ले घातली. त्या काळात मला तेवढीच सोबत होती.

मग एक दिवस बेकरीवाल्याने आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला आणून मास्तरांपुढे उभे केले. मास्तरांचे गुडघे तोवर गेले होते. ते खुर्चीत बसून शिकवत. मुलगा उंच, हाडकुळा. तो लवकरच बापाच्याच गटात आला, पण बापासारखा मुळीच नव्हता. बाप समोरच्याच्या अंगात शिरायचा, हा लांबून मारून निसटायचा. त्याचा ठोसा आला कधी हे तो गेल्यावर कळायचे. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामाला लागला. कामावरून तडक यायचा, हाताला ग्रीसचे डाग तसेच असायचे. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्याने चार ढाली जिंकल्या, बापापेक्षा एक जास्त. तरी हॉलमध्ये त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे त्याला 'बेकरीवाल्याचा' म्हणत.

आता बाकाविषयी सांगते. दर रविवारी सकाळी तिथे सीटवाला आणि घड्याळवाला बसत. घड्याळवाल्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि लढतींची वेळही तोच मोजायचा. दोघांचा छंद एकच. ज्यांची गाठ कधी पडली नाही अशा मिडलवेटांना ते तोंडाने लढवत. माझ्या आधीच्या काळात बंदरावर एक क्रेनवाला होऊन गेला होता, छापखान्यात एक डावखुरा कंपोझिटर होता. त्या दोघांची लढत बाकावर निदान चाळीस वेळा झाली असेल. ग्लोव्हज कोणत्या काळातले घ्यायचे, तेव्हाचे पातळ की आताचे जाड? डोक्याला टोप असणार की नाही? यावर चहा थंड व्हायचा. घड्याळवाला म्हणायचा, कंपोझिटर पळून पळून जिंकेल. सीटवाला म्हणायचा, पळणाऱ्याला ढाल देत असतील तर आमच्या कोंबडीला पण द्या. मलाही ऐकायला मजा यायची.

पण मेलेल्यांच्या लढती किती दिवस पुरणार? हळूहळू बाकावर एकच लढत उरली: सव्वीस वर्षांचा बेकरीवाला विरुद्ध सव्वीस वर्षांचा त्याचा मुलगा, वजन दोघांचे पंच्याहत्तर, फेऱ्या तीन. सीटवाला अर्थातच मित्राच्या बाजूचा. घड्याळवाला मुलाच्या. नवे शिकणारेसुद्धा त्यात पडू लागले. बेकरीवाला रविवारी येऊन बाकाच्या टोकाला बसे, गालातल्या गालात हसे आणि काही बोलत नसे.

एका रविवारी घड्याळवाल्याने त्यालाच विचारले, की तूच सांग, काय झाले असते? मुलगा माझ्यासमोर उभा राहून हाताला पट्ट्या गुंडाळत होता. बेकरीवाल्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला,

"दुसऱ्या फेरीत झोपवला असता."

सगळे हसले. मुलाने पट्टी पूर्ण गुंडाळली, टोक नीट खोचले आणि मारायला सुरुवात केली. मित्रांनो, त्या दिवसापासून दीड वर्ष तो मला मारत नव्हता. माझ्या जागी तो दुसऱ्याच कोणाला तरी उभे करत होता. दोन ठिकाणी माझी शिवण उसवली.

घरी काय चालले होते ते मला त्याच्या आईकडून कळले. ती कधीच हॉलवर आली नव्हती. एका रविवारी, नवरा गावाला गेलेला पाहून, ती आली. चप्पल दाराशी काढली, जणू कोणाच्या घरी आली आहे. बाकावरचे दोघे उठून उभे राहिले. ती आवाज न चढवता बोलली. दोघे एका ताटाला बसत नाहीत, म्हणाली. एकाचा निरोप दुसऱ्याला मी सांगायचा, आणि दोन खोल्यांमध्ये भिंत पण पातळ, निरोप आधीच ऐकू गेलेला असतो.

"भाऊजी," ती सीटवाल्याला म्हणाली, "तुमच्या इथे तीन फेऱ्यांत संपतं. आमच्याकडे दीड वर्ष झालं, घंटा कोणी वाजवत नाही."

त्या दिवसापासून बाकावरची ती लढत बंद झाली. पण मुलाच्या मनातली कोण बंद करणार?

पाचव्या ढालीला तीन आठवडे राहिले होते. मुलाचे ठोसे आता मला विचित्र लागू लागले. त्याची जागा ठरलेली होती. तिथून ते डावीकडे सरकत होते. आधी दोन बोटे, मग तीन. मास्तर ओरडायचे, लक्ष कुठे आहे? नवी पोरे हसायची. मला सगळे आठवत होते, पण मला तोंड नाही. मी फक्त वाकडी झुलत राहिले.

बेकरीवाला बाकावर होता. हसता हसता तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. एक ठोसा, दुसरा, तिसरा. मग उठला, चालत आला आणि दोन्ही हातांनी मला धरून थांबवले. कित्येक वर्षांनी ते हात माझ्या अंगाला लागले.

"थांब," तो मुलाला म्हणाला. "तुला डावीकडचं दिसत नाहीये."

मुलाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, "माझी पाचवी ढाल तुम्हाला बघवत नाही, तसं सांगा."

बाप रागावेल असे मला वाटले. पण त्याने शांतपणे मुलाला उजवा डोळा झाकायला सांगितला, "नजर माझ्या नाकावर ठेव," म्हणाला, आणि आपला हात बाजूला, मुलाच्या डाव्या अंगाला, वर धरला.

"किती बोटं?"

मुलगा म्हणाला, "तीन."

"मी बोटं उघडलीच नाहीत. मूठ आहे ही." बापाने हात खाली घेतला. "मला डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी दोन सांगितली होती."

मग तो बोलला ते सगळ्यांसमोर बोलला. जबाबदाऱ्या वगैरे काही नव्हत्या. त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता आणि त्याने वर्षभर ते लपवले. शेवटच्या लढतीत अर्धी रिंग त्याला दिसत नव्हती. समोरचा चुकून उजवीकडे आला म्हणून तो जिंकला. दुसऱ्या बाजूने आला असता तर पहिल्याच फेरीत आडवा झाला असता. डॉक्टरकडे गेला तोवर उशीर झाला होता. तो डोळा गेला तो गेलाच. बायकोला त्याने भट्टीच्या धगीने डोळा गेला असे सांगितले होते.

"घरी कधी बोलला नाहीत," मुलगा म्हणाला. त्याने अजून एक डोळा झाकलेलाच होता.

"सगळे अजिंक्य म्हणत होते. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं."

मास्तरांनी त्याच पावली दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवले. मुलाचा पडदा कडेने सुटू लागला होता. असे कधी कधी घराण्यात चालत येते, असे डॉक्टर म्हणाले म्हणे. ऑपरेशन झाले. डोळा वाचला, कडेला थोडी सावली राहिली. ती लढत तो खेळला असता तर तेवढेही उरले नसते. पण बॉक्सिंग संपले. पाचवी ढाल दुसऱ्याच कोणीतरी नेली. अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सुटणे म्हणजे काय असते, ते मी जवळून पाहिले. दोन महिन्यांनी तो हॉलवर आला, माझ्यासमोर उभा राहिला, तळहात माझ्या अंगावर टेकवला आणि न मारता परत गेला. असे तो बरेच दिवस करत होता.

लगेच सगळे गोड झाले असे नाही. बापाशी तो सुरुवातीला फक्त औषधाच्या थेंबांबद्दल बोलायचा. पण थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असत आणि ते घालायचे काम बापाने कोणाला दिले नाही. चार वेळा मान मागे टाकून बापाच्या हातात डोळा द्यायचा, म्हणजे माणूस किती दिवस अबोला धरणार?

सीटवाला मात्र दुखावला. ज्याला अजिंक्य म्हणत तो चोवीस वर्षे सगळ्यांशी भांडला, त्याने त्यालाही सांगितले नव्हते. बरेच दिवस तो फिरकला नाही. शेवटी एका रविवारी आला तो शिवणकामाची पेटी घेऊनच. मला खाली उतरवले, पोट उघडले, घट्ट झालेल्या चिंध्या फोडून पुन्हा भरल्या आणि उसवलेली शिवण घालायला बसला. दोरा मात्र दाभणात जाईना. त्याची नजर अधू झाली होती. बेकरीवाल्याने पुढे होऊन दाभण घेतले. एका डोळ्याने त्याला अंतराचा अंदाज येईना, दोरा दर वेळी शेजारून जाई. मग मुलाने घेतले, त्याच्या डोळ्याला पाणी येऊ लागले. घड्याळवाल्याने आपले भिंग आणले, ते कोणी धरायचे यावर वाद झाला. बेकरीवाल्याचा डबा द्यायला आलेली त्याची बायको हे सगळे दारातून बघत होती. ती आली, दोरा ओला केला, ओवला आणि दाभण सीटवाल्याच्या हातात देऊन डबा बाकावर ठेवून गेली. सीटवाला हसू लागला आणि त्याला आवरेना.

त्याला आता तेरा वर्षे झाली. मास्तर गेले. मुलगाच शिकवतो, आणि त्याला सगळे मास्तर म्हणतात. बेकरीवाला सदुसष्ट वर्षांचा आहे, रविवारी येतो. बाकावर आता नवी मुले-मुली मोबाईल घेऊन बसतात आणि कोणत्या काळातला मिडलवेट कोणाला हरवेल यावर तावातावाने बोलतात. मध्यंतरी त्यांतल्या एकीने धीर करून मास्तरांना विचारले, की सर, तुम्ही आणि तुमचे बाबा लढला असता तर?

मास्तर म्हणाले, "दोघांनीही डावीकडून मार खाल्ला असता."

म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले.

मित्रांनो, मला विचाराल तर त्या दोघांचेही ठोसे मी हजारो वेळा खाल्ले आहेत आणि उत्तर द्यायला माझ्याइतके योग्य कोणी नाही. पण मी दमले आहे, आणि त्या प्रश्नाने जे केले ते पाहिल्यावर उत्तर द्यायची इच्छा उरलेली नाही. तुम्ही खुशाल लढवा. क्रेनवाल्याला लढवा, कंपोझिटरला लढवा, त्यांना आता काही लागत नाही. फक्त ज्यांना लढवता आहात ते त्याच खोलीत बसलेले नाहीत ना, एवढे आधी मान वळवून बघा. माझ्यासारखी जुनी बॅग तुमच्याकडे असेल तर तिला ओलीत ठेवू नका, वर्षातून एकदा तरी उतरवून पोट मोकळे करा. आणि कोणाचा नेम चुकू लागला तर हसू नका. जवळ जा, आणि त्याला नीट दिसते आहे का ते विचारा.