राष्ट्रहिताची चूक

इल्डिको सेंद्रेई ही आमच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेतली हंगेरियन बाई. गोगलगायीच्या चिकट्यानं ओली जखम टाके न घालता जोडता येते, असं तिचं म्हणणं. मी निवृत्त होईपर्यंत तिचा साहेब होतो. उन्हाळ्यात तिचा व्हिसा संपत होता. त्याआधी ‘या बाईचं इथं असणं राष्ट्रहिताचं आहे’ हे सरकारला पटलं नाही, तर तिला बुडापेस्टला परत जावं लागणार होतं. गोगलगायी मात्र राहू शकत होत्या. त्यांना अर्ज करावा लागत नाही.

शिफारसपत्रासाठी ती मला हकस्टेप वकिलांकडे घेऊन गेली.

“प्रोफेसर, तुम्ही यांना कितपत ओळखता?”

“चांगलाच ओळखतो. रोज समोर असायची.”

“अरेरे,” हकस्टेप हळहळले. “ओळखीच्या माणसानं केलेलं कौतुक सरकार मोजत नाही. अजिबात न ओळखणारा कुणी आहे का?”

आमच्या संशोधकांच्या जगात शिफारसपत्र उमेदवारानंच लिहायचं असतं, मोठा माणूस खाली फक्त सही करतो. तेव्हा इल्डिकोनं स्वतःबद्दल लिहून आणलं: ‘डॉ. सेंद्रेई यांच्या म्हणण्यात काही तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

हकस्टेपनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, ही शिफारस आहे की जबानी?”

“याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.”

“पुरावा कोण मागतंय? मला विशेषणं द्या.”

विशेषणं तिच्याकडे नव्हती. हकस्टेप तिचे निबंध कुणीकुणी उल्लेखलेत ते चाळू लागले आणि एकदम टवटवीत झाले. “हा पेंडरग्रास कोण? याच्या प्रत्येक निबंधात तुम्ही आहात.”

“ऑरेगनमध्ये असतो. माझं कसं चुकलंय हे तो दरवर्षी छापतो.”

“छापू दे. उल्लेख तो उल्लेख. कधी भेटलाय?”

“भेटला असता तर आज तुमच्याकडे मी वेगळ्या कामासाठी आले असते.”

“म्हणजे ओळख नाही. उत्तम.”

पेंडरग्रासला फोन मी केला. इल्डिकोला देश सोडावा लागेल म्हटल्यावर तो म्हणाला, “असं कसं जाईल ती? तिच्या चुकीवर माझं अनुदान चालतं. माझे विद्यार्थी तिच्या चुकीवर डॉक्टरेट करतायत. ती गेली तर आम्ही खोडायचं कुणाला?”

“मग मजकूर पाठवतो, सही करा.”

“नको. मीच लिहितो.”

रिवाज मोडून त्यानं खरंच स्वतः लिहिलं: ‘डॉ. सेंद्रेई यांची चूक ऐऱ्यागैऱ्याची नाही. तिच्या आधारावर एक अख्खी ज्ञानशाखा उभी आहे. अशी चूक परदेशाच्या हाती जाणं राष्ट्रहिताचं नाही.’

सरकारला हे लगेच पटलं. ग्रीन कार्ड आलं.

त्या आनंदात इल्डिकोनं मला आणि हकस्टेपना जेवायला बोलावलं. खसखस भरलेली गोड गुंडाळी कापता कापता ती म्हणाली, “एक सांगायचं होतं. मी प्रयोग पुन्हा केला. पेंडरग्रास आपल्या गोगलगायींना उपाशी ठेवतो, म्हणून त्याचा चिकटा सुटतो. माझं बरोबर होतं. छापायला देतेय.”

हकस्टेपनी घास परत ताटलीत ठेवला. “मॅडम, तुम्हाला कार्ड कशाबद्दल मिळालंय? चुकीबद्दल. आता बरोबर निघालात तर सरकारला काय तोंड दाखवायचं? नागरिकत्व मिळेपर्यंत चूकच राहा.”

“आणि तोवर लोकांच्या जखमा?”

“टाके आहेत की. माझा मेहुणा सर्जन आहे, तक्रार नाही त्याची.”

मी म्हणालो, “वकीलसाहेब, विज्ञानात खरं लपवता येत नाही.”

“लपवा कुठं म्हणतोय मी? तुमच्या भाषेत सांगा.”

इल्डिको उठून आत गेली. आम्ही तिच्या वाटणीची गुंडाळी संपवली. ती परत आली ती निबंधाचं शेवटचं वाक्य नव्यानं लिहूनच: ‘प्रस्तुत लेखिकेच्या चुकीत काही तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

हकस्टेपनी ते दोनदा वाचलं.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “यात कुणीच सापडणार नाही.”

निबंध छापून आला. पेंडरग्रासनं तो पुढच्याच अंकात खोडून काढला, आणि त्याचं अनुदान वाढलं.