न चावणारा बूट

दुकानातल्या लांबट पायपुसण्यावरून वेल्डर पुन्हा एकदा चालत गेला, टोकाला टाच आपटून वळला आणि म्हणाला, "झकास. हेच बांधून द्या."

बाकावर बसलेली त्याची बायको बघतच राहिली. हा गडी नाकावर माशी बसू देणारा नव्हता. साधी चप्पल घ्यायची तरी दुकानदाराला सगळी फळी खाली उतरवायला लावायचा आणि शेवटी नाक मुरडून बाहेर पडायचा. आज त्याने पहिलाच जोड पसंत केला, तोही कारखान्यात दिवसभर घालायचा जडशीळ सेफ्टी बूट. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तिने खरं तर खूश व्हायचं. पण ती जात्या चौकस. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे कुठलीही गोष्ट उसवून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"टाच उचलली जातेय का?"

"नाही."

"आणि बोटं?"

"अगं, बोटं बोटांच्या जागी आहेत. तुझ्या चौकशीला औषध नाही बघ."

दुकानदार हसला. "काका, घाई करू नका. साधा बूट असता तर मीच वरून अंगठा दाबून सांगितलं असतं. याला पुढे पोलादी टोपी असते, बाहेरून काही कळत नाही. कुठे चावतोय ते तुम्हीच सांगायचं." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चावण्याचाच तर प्रश्न होता. जुन्या बुटांची देखभाल तिच्याकडे असे. सुट्टीच्या दिवशी ती नाड्या काढायची, शिवणीत अडकलेले लोखंडाचे कण ब्रशने झाडायची, बूट सावलीत वाळवून त्यांना मेण चोळायची. गेल्या खेपेला डावा बूट उलटा केला तर आतून थिजलेल्या धातूचा वाटाण्याएवढा मणी पडला. नाड्यांखालची बुटाची जीभ फाटली होती, तिथून आत गेला असणार. नवऱ्याच्या तळव्याला त्याच मापाचा खळगा पडला होता, आणि तो अजून भरलेला नव्हता.

"दिवसभर हे पायाखाली होतं?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"असेल. कामात कुठे लक्ष जातं?"

ते उत्तर तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. चादरीला सुरकुती पडली तरी ज्याला झोप येत नाही, तो माणूस एवढ्या मण्यावर अख्खी पाळी उभा राहतो कसा? जखमेपेक्षा तिला या कोड्याचीच जास्त धास्ती वाटत होती. विस्तवाशी खेळणाऱ्या माणसाचा पाय गप्प बसायला लागला, तर पुढचा मणी किती मोठा असेल कोण जाणे.

वेल्डर बाकावर बसला आणि नाड्या सोडू लागला. उजवा बूट निघाला, मग डावा. खोक्यात ठेवायला म्हणून तिने डावा हातात घेतला आणि सवयीने आत बोटं घातली. टोकाला काहीतरी होतं. तिने ओढून काढलं. नव्या बुटात कोंबतात तो कागदाचा बोळा होता, पायाच्या दाबाने पार चपटा झालेला.

"अरेच्चा, हा काढायचा राहिला वाटतं," दुकानदार लांबून म्हणाला. "काका, एवढं चाललात, टोचलं नाही?"

"तरीच म्हटलं, जरा घट्ट वाटतोय." वेल्डर मोठ्याने हसला. दुकानदारही हसला.

तिला हसू आलं नाही. बोळा तिने बाकावर ठेवला आणि ती खाली फरशीवर बसली. नवऱ्याचा डावा पाय मांडीवर घेऊन तिने मोजा उतरवला.

"हे काय आता? लोक बघतायत."

"बघू देत. डोळे मिटा बरं."

"दुकानात?"

"मिटा हो. मी कुठलं बोट धरलंय ते सांगायचं. चोरून बघायचं नाही."

खेळ म्हटल्यावर त्याची कळी खुलली. त्याने डोळे गच्च मिटले आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागला. तिने अंगठा चिमटीत धरला. मग दाबला. मग अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून नख रुतवलं, इतकं की तिचंच बोट दुखायला लागलं.

वेल्डर डोळे मिटून हसतच होता.

"अगं, धर की आता," तो म्हणाला. "किती वेळ ताटकळत ठेवतेस?"

"धरते हं," ती म्हणाली. आणि अंगठ्यात रुतलेलं नख तिने हळूच सोडवलं.