चौदा नंबरच्या बाईंच्या दुरुस्त्या

"चूक," चौदा नंबरच्या बाई म्हणाल्या.

ट्रॉलीवाल्या काकांच्या हातातला डाव सुपाच्या पातेल्यात तसाच राहिला. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेली बाईंची मुलगी दचकून उभी राहिली. ऑपरेशनला सहा दिवस झाले होते आणि सहा दिवसांत बाईंच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पोटात अन्नही गेलं नव्हतं. चमचा ओठांशी नेला की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते, "उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

"काय चुकलं, बाई?" काकांनी विचारलं.

"गाजर." बाईंचा आवाज घोगरा झाला होता. "राजासाठी वगैरे काही नाही. थाप आहे ती."

काका बावीस वर्षं ह्या हॉस्पिटलात जेवणाची ट्रॉली ढकलत होते. जेवण म्हणजे उकडलेलं गाजर, कुस्करलेला बटाटा, पातळ सूप आणि पावाच्या दोन चकत्या. चव अशी नाहीच. रोगी नाक मुरडायचे, तेव्हा काका म्हणायचे, "मीठ माझ्या हातात नाही, गोष्ट आहे. ऐकता?" मग वाढता वाढता ते गाजराची, टोमॅटोची, साखरेची कुठेतरी वाचलेली हकीगत सांगायचे. शिक्षण आठवीपर्यंतच झालेलं. माहिती सगळी कॅलेंडरांच्या मागच्या पानांवरून आणि पुडीच्या कागदांवरून गोळा केलेली. आज त्यांनी गाजराची गोष्ट काढली होती: गाजर आधी जांभळं असायचं, एका राजाची मर्जी राखायला शेतकऱ्यांनी ते केशरी केलं.

"जांभळी होती, हे खरं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पिवळीही होती. केशरी मागाहून आली. लोकांना आवडली, म्हणून लोकांनी लावली. राजाचं नाव नंतर कोणीतरी चिकटवलंय. पुरावा काही..."

पुढचा शब्द बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी गाजराचा चमचा आत सारला. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एखाद्या वर्गाची पाचावर धारण बसली असती. पण घास गिळला.

"आई वनस्पतिशास्त्र शिकवायची," मुलगी डोळे पुसत, हसत म्हणाली. "चौतीस वर्षं."

"ते कळलंच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ट्रॉली घेऊन तडक चौदा नंबरला आले.

"बाई, बटाटा तर आपल्याच मातीतला. अगदी आदिकाळापासूनचा."

"कोण म्हणतं?" बाई उशीवरून वर सरकल्या. "दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला आहे तो. युरोपात नेला तेव्हा लोक हात लावायला तयार होईनात. धर्मग्रंथात नाव नाही म्हणून काहींनी नाकारला. जमिनीखाली वाढतो, म्हणून काहींना भीती."

"मग खायला कसे लागले?"

"भुकेने. दुसरं काय!" असं म्हणून त्यांनी कुस्करलेल्या बटाट्याचे चार चमचे खाल्ले. नळीचा विषय त्या संध्याकाळी निघालाच नाही.

मग हे रोजचंच झालं. टोमॅटोच्या दिवशी काका गडबडले. "टोमॅटो विषारी समजून युरोपात कित्येक जण तो नुसता शोभेला लावायचे," असं ते बोलून गेले.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. दुरुस्ती नाही, तर घास कसा जाणार? त्यांनी घाईघाईने पुस्ती जोडली, "आणि तो झाडाच्या मुळाशी लागायचा."

बाईंनी चष्मा काढला. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती.

"तुम्ही मुद्दाम करता ना हे?"

काका पातेल्याचं झाकण उगाच पुसत राहिले.

"मला राग नाही आला," बाई म्हणाल्या. "पण एवढा खटाटोप कशासाठी? वॉर्डात चाळीस माणसं आहेत."

"आमची ही शेवटी शेवटी जेवायचं नाही म्हणायची," काका म्हणाले. ते ताटाकडे बघत बोलत होते. "मी म्हणायचो, बरं. आणि ताट उचलायचो. मनाविरुद्ध कशाला, असं वाटायचं. बोलायची सवयच नव्हती हो मला. घरात तीच बोलायची. एकवीस दिवसांत गेली. नंतर वाटायला लागलं, काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही. मग हे कागद वाचायला लागलो."

बाईंनी चष्म्याच्या काचा चादरीच्या टोकाने पुसल्या.

"भूक खरंच मरते हो," त्या सावकाश म्हणाल्या. "माझी मेली होती. सहा दिवस मला अन्नाचा वास सहन होत नव्हता. तुम्ही ताट तसंच ठेवलं असतं ना, तरी ते तसंच राहिलं असतं. त्यांना कळत असेल, हा माणूस बळजबरी करत नाही. तेही कमी नसतं."

काकांनी मान हलवली. बाईंनी चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "द्या ते सूप. गार होतंय."

त्या दिवसानंतर काका खोटं बोलले नाहीत. नुसतं विचारायचे, आणि बाई जेवता जेवता सांगायच्या. चहाच्या पिशवीची हकीगत सांगितली: एका व्यापाऱ्याने नमुन्याचा चहा रेशमी पिशव्यांतून पाठवला आणि गिऱ्हाइकांनी पिशवीसकट तो गरम पाण्यात बुडवला. लगेच बजावलंही, "असं सांगतात. मी पाहायला नव्हते."

तिसऱ्या आठवड्यात बाईंना घरी सोडायचं ठरलं. मुलीचं गाव लांब, आगगाडीने दीड दिवसाचं. बाई आता तिथेच राहणार होत्या. पुन्हा ह्या वॉर्डात यायचं कारण नव्हतं, आणि येऊ नये असंच काकांना वाटत होतं. तरी बाई निघायच्या त्या दुपारी चौदा नंबरला पोचायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर झाला.

"तुम्ही कधी जेवता?" बाईंनी विचारलं.

"सगळं आवरलं की. तीन-साडेतीनला. तिकडे मोरीपाशी, उभ्या उभ्याच."

"आज इथे बसा."

"छे हो! वॉर्डात आम्हाला बसायची परवानगी नाही."

"बसा म्हटलं ना."

काका स्टुलाच्या कडेवर टेकले. इतक्यात सिस्टर आल्या. काका धडपडत उठायला लागले. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला.

बाईंनी पावाची चकती मोडून अर्धी काकांच्या हातात दिली. सुपाची वाटी दोघांच्या मधे ठेवली. काका आधी संकोचले, मग बुडवून बुडवून खायला लागले. बाईही खात होत्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. पडद्याबाहेर चाकांची खुर्ची येऊन थांबली होती. बाईंची मुलगी खुर्चीचा दांडा धरून उभी होती, आणि आतलं जेवण संपेपर्यंत तिने हाक मारली नाही.