बोकडाचं पथ्य

लेकीच्या सासऱ्यापुढे बढाई मारू नये, हे शहाणपण माणसाला सहसा बढाई मारून झाल्यावर येतं. चौलच्या दयारामला ते तेव्हाही आलं नाही.

लेक कल्पिताच्या लग्नानंतरची ही पहिली गटारी. श्रावण लागला की महिनाभर मटण बंद, म्हणून त्याच्या आत सगळ्यांनी मनसोक्त जेवून घ्यायचं. पेणहून व्याही हसुराम बारा माणसं घेऊन येणार होता. हसुरामचे चार डंपर, आवाज पाचव्या डंपरसारखा, आणि मटणातला तो दर्दी. फोनवर तो साधेपणानं म्हणाला, "बाजारातून आनलंस तरी चालंल, व्याही."

दयारामला ते भलतंच लागलं. "बाजारातलं? घरचा बोकड हाय माझा. फणसाच्या पाल्यावर वाढवलाय. त्योच पडंल तुमच्या ताटात. शब्द हाय दयारामचा."

शब्द देऊन झाला. आता त्यात एवढीच गोम होती की घरच्या बोकडाला खरूज झाली होती. कानांवर खपल्या, पाठीवरचे केस गेलेले, आणि दिवसभर पोफळीच्या खोडाला अंग घासत उभा. दयारामची बायको गोदू म्हणाली, "ह्यो व्याह्यांनी बघितला तर ते जेवायचं सोडा, पानीबी पिनार न्हाईत."

म्हणून गटारीला अठरा दिवस उरले असताना हेमाली आली. ती जनावरांची डॉक्टर, स्कूटीवरून गावोगाव फिरायची. तिनं बोकडाची कातडी खरवडून पाहिली आणि विचारलं, "वजन किती?"

"पन्नास किलो तरी असंल," दयाराम म्हणाला. बोकडाच्या बाबतीत त्याची जीभ जरा सैलच होती.

हेमालीनं पिशवीतून वर उभं राहायचा वजनकाटा काढला. आधी दयारामला एकट्याला चढवलं, मग बोकड कडेवर देऊन पुन्हा चढवलं. पहिल्यांदा अठ्ठ्याऐंशी आले, दुसऱ्यांदा एकशे अठरा. बोकड तीस किलोचा निघाला. गोदू मात्र पहिल्या आकड्यालाच हसत सुटली.

"अंदाजानं मारलं असतं तर दीडपटीहून जास्त औषध गेलं असतं," हेमाली म्हणाली आणि सुईत एक मिलीपेक्षाही कमी औषध ओढलं. तेवढंसं औषध पाहून दयारामला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"एवढंच? डबल मारा की. लवकर बरा व्हईल."

"लवकर मरेल," हेमाली म्हणाली. तिनं खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरली आणि कातडीखाली सुई दिली.

बोकडाला धरून धरून दयारामच्याही हाताला खाज सुटली होती. त्यानं बाटलीकडे आशेनं पाहिलं. "उरलेल्यातलं थोडं मना पन..."

"हे जनावराचं औषध आहे, माणसाला टोचायचं नाही. साबणानं हात धुवा, आणि खाज राहिली तर तुमच्या डॉक्टरकडे जा." तिनं बाटली आणि वापरलेली सुई मोजून डब्यात बंद केली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, कुठल्या तरी म्हशीचं अडलं होतं. तिनं घाईघाईत कागदावर लिहिलं, 'दुसरा डोस १४ दिवसांनी. पथ्य ३५ दिवस.' आणि हेल्मेट चढवता चढवता म्हणाली, "पथ्य पाळा हं. विसरू नका."

दयारामनं कागद पडवीत खिळ्याला टांगला. पथ्य म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी कावीळ झाली तेव्हा त्यानं दोन महिने पथ्य पाळलं होतं. तेलकट नाही, आंबट नाही, वातूळ नाही. औषध ज्याला, पथ्य त्याला. आता पस्तीस दिवस गटारीच्या पलीकडे जात होते खरे, पण गटारीनंतर बोकडाला पथ्याची गरजच उरणार नव्हती, तेव्हा त्यानं तो आकडा फार मनावर घेतला नाही.

फणस वातूळ, म्हणून दुसऱ्या दिवसापासून फणसाचा पाला बंद झाला. शेजारच्या जनीच्या चिंचेची फांदी कुंपणातून आत आली होती. चिंच आंबट, म्हणून दयाराम खुर्ची टाकून त्या फांदीखाली पहारा देत बसू लागला. मग खायला घालायचं काय? उंबराचा पाला बाधत नाही, असं त्याचं स्वतःचंच मत पडलं. उंबर शेताच्या टोकाला होता. गुडघाभर चिखलातून, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, हा अठ्ठ्याऐंशी किलोचा माणूस रोज दोन वेळा पाला आणायला जाऊ लागला. प्यायला पाणी कोमट.

"माझ्या बाळंतपनात मना कोमट पानी कवा दिलं व्हतं?" गोदूनं विचारलं.

"तुला कुठं इंजेक्शन व्हतं," दयाराम म्हणाला आणि पाण्यात बोट बुडवून पाहू लागला.

बोकडालाही ही सरबराई मानवली. खपल्या सुकल्या, कान मऊ झाले. पाला खाऊन झाला की तो दयारामच्या मांडीवर हनुवटी ठेवून डोळे मिटायचा. ज्याला खायचं त्याला नाव ठेवायचं नाही, असा दयारामचा नियम होता. पण एका दुपारी गोदूनं त्याला पडवीत बोलताना ऐकलं. "बंड्या, दोन दिस कळ काढ रं. मना पन काविळीत असंच बेचव खावं लागलं व्हतं." गोदूनं तांदूळ निवडायचं सूप दाराजवळ आणलं, म्हणजे पुढचंही नीट ऐकू यावं.

गटारीला चार दिवस राहिले तेव्हा हेमाली दुसऱ्या डोससाठी आली. बोकड बघून खूश झाली. तिनं पुन्हा वजन केलं, औषध मोजून घेतलं आणि या खेपेला दुसऱ्या बाजूला टोचलं.

"पथ्य पाळलं ना?"

"कडक," दयाराम छाती फुगवून म्हणाला. "फनस न्हाय, चिंच न्हाय. पानी उकळून कोमट केल्यालं."

हेमालीनं विचारलं, "कोणाला?"

"बंड्याला. म्हंजे, बोकडाला."

"अहो काका, पथ्य बोकडाला नाही. तुम्हाला! पस्तीस दिवस हा बोकड कापायचा नाही, याचं मटण कोणी खायचं नाही. औषध मटणात उतरतं. आणि आज दुसरा डोस झाला, म्हणजे पस्तीस दिवस आजपासून मोजायचे." मग ती जरा ओशाळली. "चूक माझीपण आहे. 'मटण खाऊ नका' असं सरळ लिहायला हवं होतं."

दयाराम मटकन खुर्चीत बसला. "पन गटारी रविवारी हाय. व्याही येतोय. शब्द दिलाय मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चांगलं दोन तास शिजवलं तर?"

"शिजवून जात नाही. जेवायला कोण कोण आहे?"

"बारा मानसं. कल्पिता हाय." तो थांबला. "तिला पाचवा म्हैना हाय."

यापुढे हेमालीला काही बोलावं लागलं नाही. तिनं जुना कागद काढला आणि नवा लिहिला, मोठ्या अक्षरांत, तारीख घालून.

ती गेल्यावर दयारामनं कपाळावर हात मारला, नशिबाला शिव्या दिल्या, तोंड पाडून घरभर फिरला. सगळं रीतसर केलं. फक्त त्यानंतर तो जनीच्या चिंचेची ओंजळभर पानं घेऊन गोठ्यात गेला, आणि तिथून शीळ ऐकू आली. त्याला हलकं वाटत होतं, आणि का वाटतंय हे स्वतःशीही कबूल करायची त्याला लाज वाटत होती.

गटारीला गावठी कोंबडे शिजले. हसुराम पोटभर जेवला आणि पोटभर बोलला. "घरचा बोकड, घरचा बोकड. बघा, आजारी रजेवर हाय." बारा माणसं हसली. दयारामनं मान खाली घालून सगळ्यांना वाढलं. निघताना हसुरामनं बोटांवर हिशेब केला. "श्रावन, मंग गनपती, मंग पितरपाख, मंग नवरात्र. दसऱ्याला येतो, व्याही. तवा पथ्य न्हाय ना?"

"न्हाय," दयाराम म्हणाला.

दसरा येता येता बंड्या चाळीस किलोचा झाला. चकचकीत, मस्तवाल, अंगणात हाक मारली की वाडीच्या टोकावरून धावत येणारा. खंडेनवमीला सकाळी दयारामनं हेमालीला तातडीनं बोलावलं.

"खरूज परत आलेय. लई खाजवतोय. एक इंजेक्शन मारा."

हेमालीनं बंड्याचे कान उलटून पाहिले, केस बाजूला करून पाठ पाहिली. "एक खपली नाही. खाजवतोय कुठे?"

"तुमी आलात म्हनून लाजतोय."

"काका, गरज नसताना हे औषध द्यायचं नसतं. उगाच मारत राहिलं तर खरी खरूज होईल तेव्हा लागू पडणार नाही."

दयारामनं इकडेतिकडे पाहिलं. "मंग सुईत नुसतं पानी भरा. आनि कागदावर लिवा, पथ्य पस्तीस दिवस."

हेमालीला हसू आवरेना. पण तिनं कागद दिला नाही. "ते तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल," ती म्हणाली आणि बंड्याच्या पाठीवर थाप मारून गेली.

दसऱ्याला हसुराम आला. आपट्याची पानं दिली, गळाभेट झाली, आणि बाकावर ऐसपैस बसून त्यानं विचारलं, "हं, कुठं हाय आमचा बोकड?"

बंड्या दयारामच्या मागेच उभा होता, त्याच्या सदऱ्याचं टोक चघळत.

दयारामनं बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. "हसुराम," तो म्हणाला, "औषधाचं पथ्य कवाच संपलं. बोकड चांगला हाय, खाल्ला तर काय व्हनार न्हाय. पन मना ह्यो कापायचा न्हाय. माझा जीव गुतलाय त्याच्यात. शब्द मोडला, काय बोलायचं ते बोल."

पाचवा डंपर पहिल्यांदाच बंद पडल्यासारखा झाला. हसुरामनं बंड्याकडे पाहिलं, मग व्याह्याच्या ओल्या झालेल्या डोळ्यांकडे.

"आनि ह्ये पथ्य किती दिसांचं?"

"त्यो हाय तवर."

"मंग मी काय उपाशी जाऊ?"

आतून गोदूचा आवाज आला. "हात धुवून बसा व्याही. सकाळीच तीन कोंबडे कापलेत. ह्यांना आज कळलं, मना पडवीतल्या गप्पांवरनं गटारीलाच कळलं व्हतं."