बर्फावरचं जाकीट

बकलाचा काटा शेवटच्या भोकात शिरत नव्हता. भोक तिनेच पाडलेलं, त्याची पितळेची बारीक कडीही तिनेच ठोकलेली — एरवी डोळे मिटून लावलं असतं तिने ते बकल — पण तासभर बर्फाशेजारी उभं राहून बोटं अशी झाली होती की ती आपलीच आहेत का, हे एकदा पाहून घ्यावं लागत होतं. भगवान श्वास आत ओढून, दोन्ही हात वर करून उभा होता, पोलिसांनी झडती घ्यावी तसा. काटा भोकाच्या कडेपर्यंत जायचा आणि परत यायचा.

काय चाललंय, किती वेळ, असं तो वरच्या वर पुटपुटला. सुहासिनीने काटा पुन्हा भोकाशी नेला. घोडं कुठे पेंड खातंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. फक्त ते इथे, परक्या चारचौघांत, नवऱ्याला सांगायचं कसं... की अहो, हे जाकीट तुमच्या मापाचं नाही. माझ्या मापाचं आहे.

आनंदनगरच्या एमआयडीसीतला टेकचंद शेठचा बर्फाचा कारखाना. शेठने यंदा कुल्फी काढली होती आणि उन्हाळ्याच्या आत तिची जाहिरात केबलवर लागायला हवी होती. गाड्या भरायच्या जागेत लाद्यांना लाद्या भिडवून बर्फाची लांबलचक फरशी केली होती. तिच्या पलीकडच्या टोकाला शेठची नात उभी, अंगात पांढरा फ्रॉक, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, हातात कुल्फी आणि नाकातून पाणी. दारापासून त्या परीपर्यंत कॅमेरा तरंगत जायला पाहिजे, असा शेठचा हट्ट. फॉरेनमध्ये असतं तसं. चाकांची गाडी चालणार नव्हती, कारण तिचे रूळ चित्रात दिसले असते. आणि भगवानने छाती काढून सांगितलं होतं, शेठ, आपल्याकडे मशीन आहे.

मशीन म्हणजे हेच. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर पोट भरणाऱ्या भगवानने कुठल्याशा इंग्रजी मासिकात एक फोटो पाहिला होता — छातीला जाकीट, जाकिटातून निघालेला एक लोखंडी हात, हाताला दांडा, दांड्यावर कॅमेरा. माणूस चालतो, पळतो, जिने चढतो, चित्र मात्र हलत नाही. खरं मशीन आपल्या सात जन्मांत यायचं नाही, पण उल्हासनगरच्या हवेत वाढलेल्या माणसाला नक्कल करता येणार नाही अशी वस्तू जगात असते का? शहाडच्या जनू वेल्डरने लुनाच्या शॉकअपच्या स्प्रिंगा घालून हात करून दिला. जाकीट अर्थातच सुहासिनीकडे आलं. ती उल्हासनगर कॅम्पातल्या जीन्सच्या युनिटमध्ये मशीनवर बसते. जाड कापडाची सुई तिला नवी नाही.

काटा शेवटी गेला. भगवानने श्वास सोडला आणि जाकीट बरगड्यांवर चढलं. तिने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

पहिल्या खेपेला तो पाचसहा पावलं गेला. पायांना सगळ्यांसारखं गोणपाट बांधलेलं होतं, तेव्हा घसरायचं कारण नव्हतं; तरी स्टुलावरच्या छोट्या टीव्हीत बर्फाची फरशी डावी-उजवीकडे अशी कलत होती की बघणाऱ्याला मळमळावं. शेठ म्हणाला, साईं, ये तो नाव में बैठे जैसा लगता है. दुसऱ्या खेपेला त्याहून वाईट. रुंदीला पट्टे सैल करता येतात, ते तिने केले होते. पण उंचीचं काय करणार? भगवान तिच्यापेक्षा हातभर उंच, आणि ती उंची सगळी धडात. जो पट्टा कमरेच्या हाडांवर बसायचा तो त्याच्या पोटावर लोंबत होता. पुढचं सगळं ओझं त्याला पुढे ओढत होतं, म्हणून तो मागे रेलत होता. जमिनीवर हे खपून गेलं होतं — मागे एका हळदीत तो असाच रेलून चालला, घरी येऊन कंबर धरून बसला आणि वर म्हणाला, नवीन आहे, बसेल हळूहळू अंगाला. बर्फावर मागे रेललं की पाय पुढे निघून जातात.

'शिलाईच बोगस आहे,' भगवान म्हणाला. तिला नाही, शेठला. 'घरची शिलाई आहे ना. प्रॉपर माणसाकडून करून घ्यायला पाहिजे होतं.'

तिच्या कानशिलांत रक्त आलं. त्या थंडीतही ते तिला कळलं. बोगस? बाहेरचं कापड तिने दोनदा शिवलं होतं, आतून गादीचा काथ्या नको म्हणून फोम आणला होता, युनिटमधल्या मुकादमाची मिनतवारी करून पट्ट्यांना जीन्सचे रिवेट मारून घेतले होते... आणि हा माणूस, शेठला ऐकू जाईल अशा आवाजात... आपलेच दात, आपलेच ओठ. तिने ओठ चावला खरा.

आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते रागाहून जास्त टोचत होतं. सकाळी निघताना भगवान म्हणाला होता, आज नाही झालं तर हे सगळं भंगारात घालतो नि मेव्हण्याच्या ओळखीने कंपनीत चिकटतो. हा माणूस असलं उगाच बोलत नाही. लग्नाआधी हौसेने घेतलेला बेंजो त्याने असाच, एका दिवशी बोटं चालेनात म्हणून, उचलून कुणाला तरी देऊन टाकला होता आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नव्हतं. जाकीटही जाईल. जनूचा लोखंडी हात जाईल त्याचं तिला काही नव्हतं. जाकीट जाऊ नये.

ती दिवसभर खिसे लावते. जीन्सचे मागचे खिसे, फक्त तेच. पुढचे लावणारी वेगळी, चेन लावणारी वेगळी, काजं करणारी वेगळी. तिच्या हातचे खिसे मांडीमागे लावून किती माणसं रस्त्याने चालत असतील, पण युनिटमध्ये अख्खी पँट म्हणून तिच्या हातून आजवर एकही उतरलेली नाही. जाकीट अख्खं तिचं होतं. शुक्रवारी युनिट बंद, आणि लग्नसराईत भगवान दिवसा मेल्यासारखा झोपलेला. माप द्या म्हटलं की तो कूस बदलायचा — 'घे ना अंदाजाने. तुला काय माझं अंग माहीत नाही?' ती हसायची. मग स्वतःवर चढवून बघायची, टाचण्या लावायची, काढायची, पुन्हा चढवायची. एका दुपारी तिने त्या लोखंडी हाताला कॅमेऱ्याऐवजी पाण्याचं पातेलं टांगलं, काठोकाठ भरून, आणि चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. शेजारची वेणू दारातून म्हणाली, काय गं, पातेल्याला फिरायला नेतेस का? सुहासिनीचं लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. ते हललं नव्हतं. खाली आपण चालतोय, गुडघे वाकतायत, पाऊल पडतंय, आणि वर पाणी जिथल्या तिथे — हे आपण केलं, असं तिला वाटलं होतं, आणि ते कुणाला सांगावं हे कळलं नव्हतं. भगवान झोपला होता.

तिसऱ्या खेपेला तो पडला. पडला म्हणजे बसला. कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरून सरळ बर्फावर बसला, आणि लाद्या वाहणारे कामगार हसले. परीही हसली, त्यामुळे कुल्फीचा अर्धा भाग फ्रॉकवर. शेठच्या सुनेने फ्रॉक पुसायला घेतला. सुहासिनी धावली, पट्टे सोडले, कॅमेरा धरला. भगवानची पँट मागून भिजली होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

'थोडं कमरेवर घेतलं ना,' ती हळूच म्हणाली, 'म्हणजे खांद्यावर जोर येणार नाही. ओझं कमरेवर बसायला पाहिजे.'

'तुला फार कळतं?' तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. 'मग तूच घाल. घाल ना. दाखव शेठला.'

हे टोचून बोललेलं होतं. नवरा असं म्हणतो तेव्हा बाईने गप्प बसायचं असतं, एवढं कळण्याइतकी वर्षं तिची संसारात गेली होती. तिने त्याच्या हातातलं जाकीट घेतलं. साडीच्या निऱ्या वर खोचल्या. पट्टे, जे सकाळपासून ती सैल करत होती, ते एकेक करून पुन्हा होते तिथे आणले, आणि ते इतके सहज बसले की आजूबाजूला कुणाला कळलं तर नाही ना, म्हणून तिने मान वर केली. भगवानला कळलं होतं. तो आता तिच्याकडे बघत होता.

शेठ म्हणाला, भाभी करेगी? अच्छा, करने दो.

पहिलं पाऊल टाकताना गोणपाटाखाली बर्फ कुरकुरला. दोन लाद्यांमधला सांधा पायाला कळला, वर कळला नाही. ओझं कमरेच्या दोन्ही हाडांवर बसलं, नळावरून हंडा आणताना बसतं तसं, फक्त दोन्हीकडे सारखं — आणि मग ते ओझं राहिलंच नाही, ती आणि कॅमेरा यांच्यात एक सैलसं नातं उरलं, तू तुझं बघ, मी माझं बघते, असं काहीतरी. तिने दांड्याला बोटांनी नुसतं वळण दिलं तर तो वळायचा, आणि समोर ती परी मोठी मोठी होत होती, नाकातलं पाणी, ओठावरची कुल्फी, डोळे, आणि मला थांबायचं नाहीये, मला या पोरीच्याही पलीकडे जायचंय, भिंतीतून, गाड्यांच्या फाटकातून, आनंदनगरच्या रस्त्यावर... परी बिचकून मागे सरली तेव्हा कुठे सुहासिनी थांबली.

टीव्हीवर पुन्हा लावून पाहिलं. फरशी हलत नव्हती. शेठने दोनदा पाहिलं, सुनेला बोलावून तिसऱ्यांदा पाहिलं, मग म्हणाला, अब हुआ ना फॉरेन. पोरीचा फ्रॉक खराब आहे, तो बदला आणि परत एकदा घ्या. भगवानची पाठ थोपटून तो म्हणाला, मशीन तुम्हारा एक नंबर है.

भगवान मान हलवत राहिला. सुहासिनी जाकीट घालूनच उभी होती. आता तो रागावेल, तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. तो जवळ आला. त्याने तिच्या गळ्याशी आलेली पदराची घडी सारखी केली, बऱ्याच दिवसांत केली नव्हती, आणि हळू आवाजात, जवळजवळ लाडाने म्हणाला, 'चांगलं झालंय गं. भंगारात नाही घालत. तू फक्त उसवून माझ्या मापाचं करून दे. पुढच्या महिन्यात शेठच्या पुतण्याचं लग्न आहे, तिथे मला लागेल. खाली-वर थोडं सोडायचं, एवढंच ना? होईल ना?'

'होईल,' ती म्हणाली.

शाळेचे गणवेश शिवायची ती एकेकाळी, तीन वर्षं पोर वाढलं तरी सोडता येईल एवढी दुमड ठेवून. नवऱ्याच्या सदऱ्यात, बहिणीच्या पोलक्यात, कुठेही. बोटभर कापड आत राखल्याशिवाय तिच्या हातून कधी काही शिवलं गेलं नव्हतं. या जाकिटात आत सोडायला काही नव्हतं. खांद्याला, बगलेला, कमरेला, सगळीकडे तिने शिवणीला लागून कात्री फिरवली होती. त्या दुपारी, पातेलं खाली उतरवल्यावर. भगवान पलंगावर झोपला होता, कात्रीचा आवाज होऊ नये म्हणून ती दाराकडे तोंड करून बसली होती आणि कातरलेल्या पट्ट्या मांडीवर पडत होत्या. चुकून कुणी इतकं नीट कातरत नाही.

सकाळपासून तिला वाटत होतं, खरं बोलता येत नाहीये म्हणून जीव घुसमटतोय. आता खोटं बोलून झालं होतं. तिने थोडं थांबून पाहिलं, वाईट वाटतंय का. वाटत नव्हतं. याचीच थोडी भीती वाटली, पण तीही फार नाही. परी नवा फ्रॉक घालून पुन्हा उभी राहिली होती, कामगारांनी दोन ताज्या लाद्या आणून भिडवल्या होत्या, आणि भगवानचा हात अजून तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर होता, तो काढायचा की राहू द्यायचा हे न कळून. तिला त्याच्यावर राग नव्हता. त्याने हात काढावा, एवढंच तिला हवं होतं.